युक्लिडच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने अलेक्झांड्रियात ‘मूलतत्त्वे’ हा तेरा भागांचा ग्रंथ रचला. त्याच्या हातची प्रत कोणीही पाहिलेली नाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे १८९६-९७ च्या उत्खननात ग्रेनफेल आणि हंट यांना पपायरसचा एक तुकडा मिळाला. त्यावर दुसऱ्या भागातल्या पाचव्या प्रमेयाचे विधान आहे आणि खाली एक ओबडधोबड आकृती. आकृतीला अक्षरेसुद्धा दिलेली नाहीत. तो तुकडाही युक्लिडनंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिलेला. ग्रंथ सलग वाचता येईल अशा ग्रीक पोथ्या थेट नवव्या शतकात भेटतात. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातली पोथी स्टीफन नावाच्या लेखनिकाने ८८८ साली अरेथस या धर्मपंडितासाठी उतरवली आणि तिच्यासाठी चौदा सुवर्णनाणी मोजावी लागली, अशी नोंद तिच्यातच सापडते. म्हणजे मूळ ग्रंथ आणि पहिली धडधाकट पोथी यांच्यामध्ये अकराशे वर्षांहून मोठे अंतर आहे. त्या अंतरात ग्रंथ शिकवला गेला, दुरुस्त केला गेला, त्यावर भाष्ये झाली, तो अरबीत गेला आणि अरबीतून लॅटिनमध्ये आला. १४८२ साली तो छापखान्यात पोचला, आणि तेव्हापासून त्याच्या हजाराहून अधिक आवृत्त्या निघाल्या असे सामान्यतः मानले जाते.

या जुन्या आवृत्त्या जमवणारे लोक युरोपात गेली दोन-तीन शतके आहेत. या आवृत्त्यांकडे पाहण्याची जी रीत रूढ आहे ती मला अपुरी वाटते. जुने, दुर्मीळ, महाग म्हणून मोलाचे, अशी ती रीत. पहिली छापील आवृत्ती सर्वांत मोठी, पहिला इंग्रजी अनुवाद त्याखालोखाल, असा एक चढउताराचा क्रम संग्राहकांच्या आणि विक्रेत्यांच्या मनात ठरून गेलेला असतो. माझे म्हणणे असे की युक्लिडच्या बाबतीत एकट्या प्रतीत फारसे काही नसते. जे काही आहे ते दोन आवृत्त्यांमधल्या फरकात आहे. ‘युक्लिड’ नावाची एकच एक संहिता कधी नव्हती. प्रत्येक पिढीने आपला युक्लिड तयार केला आणि त्या घडणीचा पुरावा आवृत्त्यांच्या पानांवर, समासात, आकृत्यांत आणि क्रमांकांत राहिला आहे. म्हणून संग्रह करायचा तो या परस्परसंबंधांचा. तसा केला तर तो भूमितीच्या इतिहासाचे साधन होतो. नाहीतर कपाटातली मौल्यवान वस्तू, एवढेच त्याचे स्वरूप राहते.

पहिल्या छापील आवृत्तीपासूनच पाहू. ऑग्सबर्गहून व्हेनिसला आलेल्या एर्हार्ट राटडोल्ट या मुद्रकाने २५ मे १४८२ रोजी ती पूर्ण केली. अर्पणपत्रिकेत तो सांगतो की व्हेनिससारख्या शहरात रोज इतकी पुस्तके छापली जात असता गणिताची पुस्तके मात्र जवळजवळ निघतच नाहीत, कारण आकृत्या छापणे अवघड. ही अडचण आपण सोडवली आहे. त्याने रुंद समास सोडून त्यात चारशेहून अधिक आकृत्या बसवल्या. त्या लाकडी ठशांनी छापल्या की धातूच्या पट्ट्या वाकवून, खिळ्यांसोबत जुळवून, यावर मुद्रणाचे अभ्यासक आजही वाद घालतात. अर्पणपत्रिका व्हेनिसच्या दोजे जोव्हानी मोचेनिगो याला उद्देशून आहे आणि काही मोजक्या प्रतींत ती सोनेरी अक्षरांत छापलेली आहे. या वैभवामुळे एक गोष्ट नजरेआड होते. राटडोल्टने छापलेली संहिता ग्रीकमधून आलेलीच नव्हती. तेराव्या शतकात नोव्हाराच्या कांपानुसने अरबी परंपरेतून आलेल्या लॅटिन पाठांवरून जी मांडणी केली, ती ही. तिच्यात तेराऐवजी पंधरा भाग आहेत, कारण नंतरच्या लेखकांचे दोन भाग युक्लिडच्या नावावर जोडून चालत आले होते. मुद्रणाच्या पहिल्या पिढीने वाचलेला युक्लिड हा असा, अरबी वाट चालून आलेला.

मग १५०५ साली व्हेनिसमध्येच बार्तोलोमेओ झांबेर्ती याने ग्रीक पोथीवरून नवा लॅटिन अनुवाद छापला आणि कांपानुसवर कडाडून टीका केली. चारच वर्षांनी, १५०९ मध्ये, लुका पाचोली याने कांपानुसची बाजू घेत त्याचीच संहिता सुधारून पुन्हा काढली. १५१६ मध्ये पॅरिसला लफेव्र देताप्ल याने दोन्ही पाठ एकाच ग्रंथात एकापाठोपाठ दिले. या तीन आवृत्त्या सुट्या सुट्या पाहिल्या तर जुन्या लॅटिन छपाईचे नमुने आहेत. एकत्र पाहिल्या तर त्या काळातला एक चकित करणारा समज उघडा होतो. विधाने तेवढी युक्लिडची आणि सिद्धता मात्र चौथ्या शतकातल्या थेऑन या संपादकाच्या, असे तेव्हा अनेक विद्वान मानत होते. म्हणजे आज ज्याला आपण युक्लिडचे खरे कर्तृत्व समजतो, पायरीपायरीने सिद्ध करत जाण्याची ती रीत, ती त्याची आहे हेच तेव्हा सर्वमान्य नव्हते. ‘भूमितीचा जनक’ वगैरे गौरव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

या वादाचे परिणाम पंडितांच्या भांडणापुरते राहिले नाहीत. ‘मूलतत्त्वां’च्या पाचव्या भागात प्रमाणाची एक व्याख्या आहे. ती ग्रीक गणितज्ञ युडॉक्ससच्या विचारातून आलेली मानतात. दोन राशींचे माप पूर्णांकांच्या गुणोत्तरात सांगता येत नसले तरी त्यांची तुलना कशी करायची, हे ती ठरवते. अरबी-लॅटिन वाटेवर या व्याख्येचा पाठ बिघडला होता आणि कांपानुसने तिचा अर्थ चुकीचा लावला. निकोलो तार्तालिया याने १५४३ साली इटालियनमध्ये युक्लिड आणला. युरोपातल्या आधुनिक भाषेतला तो पहिला छापील युक्लिड. त्याने कांपानुस आणि झांबेर्ती हे दोन्ही पाठ पुढ्यात ठेवून काम केले आणि त्या व्याख्येचा नीट अर्थ सामान्य वाचकाच्या भाषेत पोचवला. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात गतीचे नियम याच प्रमाणविचारावर उभे केले आहेत. गॅलिलिओचे अभ्यासक स्टिलमन ड्रेक यांनी हा धागा ठळकपणे दाखवला आहे. बीजगणिताची आजची चिन्हे हाताशी नसलेल्या माणसाला वेग आणि काळ यांची तुलना करायला दुसरे खात्रीचे साधन नव्हते. एका व्याख्येचा पाठ कोणत्या आवृत्तीत सुधारला, हा प्रश्न अशा रीतीने थेट पदार्थविज्ञानाच्या उगमाशी जाऊन भिडतो.

यावर पहिला आक्षेप समजण्यासारखा आहे. गणितातले सत्य आवृत्तीवर अवलंबून नसते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, हे कांपानुसमध्येही तितकेच खरे आणि झांबेर्तीमध्येही. मग पाठभेदांचा एवढा काथ्याकूट कशाला? महाभारताच्या पाठभेदांनी कथा बदलते, पात्रांचे स्वभाव बदलतात. भूमितीत काय बदलणार? उत्तर असे की प्रमेय बदलत नाही, परंतु त्या प्रमेयापर्यंत जाताना काय न सिद्ध करता मान्य केले आहे, हे बदलते. आणि भूमितीचा सर्वांत मोठा वाद नेमका तिथेच झाला. समांतर रेषांविषयीचे ते प्रसिद्ध विधान घ्या: एक रेषा दुसऱ्या दोन रेषांना छेदताना एका बाजूच्या आतील कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी होत असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. आज शाळेत आपण याला युक्लिडचे पाचवे गृहीतक म्हणतो. ग्लासगोच्या रॉबर्ट सिम्सनच्या १७५६ च्या आवृत्तीत, आणि तिच्यावरून निघालेल्या असंख्य इंग्रजी शालेय पुस्तकांत, ते बारावे स्वयंसिद्ध तत्त्व आहे. हंगेरीच्या यानोश बोल्यायने १८३२ साली आपली अयुक्लिडीय भूमिती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या शीर्षकातच त्याने युक्लिडच्या अकराव्या स्वयंसिद्ध तत्त्वाचा उल्लेख केला. विधान तेच, पण पाचवे, अकरावे आणि बारावे.

क्रमांकांतला हा फरक छपाईतली हेळसांड नव्हे. काही हस्तलिखितांत आणि त्यांच्यावरून निघालेल्या आवृत्त्यांत हे विधान गृहीतकांच्या यादीतून उचलून सर्वसामान्य स्वयंसिद्ध तत्त्वांच्या यादीत नेले होते. ‘एकाच गोष्टीशी समान असलेल्या गोष्टी परस्परांशी समान असतात’ अशांसारख्या, कोणीही शंका न घेणाऱ्या वाक्यांच्या पंक्तीत. त्या पंक्तीत ते बसत नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला जाणवायचे. स्वयंसिद्ध म्हणायचे आणि स्वयंसिद्ध दिसत तर नाही, मग सिद्ध करून दाखवा. समांतर विधानाला सिद्धता शोधण्याची खटपट पाचव्या शतकातल्या प्रोक्लुसच्याही आधीपासून चालू होती, तेव्हा ती आवृत्त्यांनी निर्माण केली असे मी म्हणणार नाही. पण गृहीतक म्हणून वेगळे काढून ठेवलेले विधान ‘एवढे मान्य करा’ असे उघड सांगते, आणि स्वयंसिद्धांच्या यादीतले तेच विधान ‘हे तर उघडच आहे’ असा दावा करते. १७३३ साली मिलानमध्ये साक्केरीने जो ग्रंथ काढला त्याच्या नावातच युक्लिडला प्रत्येक डागातून मुक्त केल्याचा दावा आहे. डाग म्हणजे काय आणि तो कुठे पडला आहे, हे त्या वाचकांपुढची पाने कशी छापलेली होती याच्याशी निगडित आहे. शिवाय क्रमांक हा संशोधकाला ठशासारखा उपयोगी पडतो. एखाद्या गणितज्ञाने या विधानाला अकरावे म्हटले की बारावे, यावरून त्याच्या टेबलावर कोणत्या कुळातला युक्लिड होता हे कळते. त्यासाठी त्या कुळातल्या आवृत्त्या कुठेतरी एकत्र असाव्या लागतात.

सिम्सनचे नाव आले आहे तर त्याच्या आवृत्तीपाशी थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. थेऑन आणि इतरांनी युक्लिडमध्ये ज्या चुका घुसडल्या त्या आपण दुरुस्त केल्या आहेत, असे त्याने शीर्षकपृष्ठावरच जाहीर केले. पुरावा काय? बराचसा तर्क. युक्लिड चुकणे शक्य नाही, म्हणून जिथे सिद्धता लंगडी दिसते तिथे दुसऱ्या कोणाचा हात लागला असणार. हा विचार भक्तीचा आहे, चिकित्सेचा नाही, आणि तरीही मूळ शंका खरी निघाली. १८०८ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा पेरार हा विद्वान व्हॅटिकनमधून आणलेली एक पोथी तपासत होता. नेपोलियनच्या इटलीवरील स्वारीनंतर जी हस्तलिखिते फ्रान्सला नेली गेली त्यांतलीच ही. सहाव्या भागातल्या शेवटच्या प्रमेयात वर्तुळाचे कोन आणि कंस यांचे प्रमाण सिद्ध केले आहे. त्याला वर्तुळपाकळ्यांविषयीचा भाग आपण जोडला, असे थेऑनने टॉलेमीवरील भाष्यात स्वतःच लिहून ठेवले होते. तोवर ठाऊक असलेल्या पोथ्यांत ती जोड होती, आणि त्यांतल्या काहींवर ही थेऑनची आवृत्ती असल्याचे नमूदही होते. पेरारच्या हातातल्या पोथीत ती जोड नव्हती. थेऑनच्या आधीच्या परंपरेची ही एक वाट शिल्लक राहिली होती. तिच्या आधारे पेरारने १८१४ ते १८१८ या काळात ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच अशी तीन भाषांतली आवृत्ती काढली, आणि १८८३ ते १८८८ दरम्यान हायबर्गने लाइपझिगला जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तिचा पाया हीच पोथी आहे. सिम्सन आणि पेरार शेजारी ठेवून वाचले की तर्काने घेतलेला संशय आणि कागदाने दिलेला पुरावा यांतला फरक एका प्रमेयावर बोट ठेवून दाखवता येतो. पाठचिकित्सा शिकवायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक वजनदार आहे. हायबर्गची आवृत्ती झाल्यावर आधीच्या सगळ्या आवृत्त्या बाद झाल्या असे का मानू नये? आपल्याकडे भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. तिने जुन्या छापील प्रतींना अभ्यासाच्या टेबलावरून बऱ्याच अंशी बाजूला सारले. युक्लिडचेही तसेच. शब्दांपुरते हे मी मान्य करतो. युक्लिडने काय लिहिले असावे हे जाणून घ्यायचे तर हायबर्गकडेच जावे, राटडोल्टकडे नव्हे. परंतु भूमितीचा ग्रंथ नुसत्या शब्दांचा नसतो. जपानी इतिहासकार केन साइतो यांनी पोथ्यांमधल्या आकृत्या आणि हायबर्गने छापलेल्या आकृत्या ताडून पाहिल्या. पोथ्यांत जिथे कोणताही समांतरभुज चौकोन चालेल तिथे पुष्कळदा आयत किंवा चौरस काढलेला आहे. जिथे कोणताही त्रिकोण चालेल तिथे समद्विभुज त्रिकोण दिसतो. हायबर्गच्या पुस्तकात या आकृत्या सर्वसाधारण रूपात, आजच्या डोळ्याला पटतील अशा आहेत. त्या पोथ्यांतून आलेल्या नाहीत. बहुतांशी आउगुस्ट या जर्मन संपादकाच्या १८२६-२९ च्या आवृत्तीवरून घेतलेल्या आहेत. शब्द न् शब्द तोलणाऱ्या थोर संपादकाने आकृत्यांना पाठाचा दर्जाच दिला नाही. ग्रीक भूमितीकार आकृतीकडे कसे पाहत होते, ती नमुना होती की खूण, हा प्रश्न मग चिकित्सक आवृत्तीवरून सुटूच शकत नाही. त्यासाठी पोथ्या लागतात, आणि आकृती समासातून मजकुरात कधी आली, तिचे रूप कधी बदलले हे पाहायला छापील आवृत्त्यांची पूर्ण रांग लागते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही चिकित्सक आवृत्तीत उतरत नाही: विशिष्ट प्रतीवर राहिलेली माणसाची खूण. हेन्री बिलिंग्झलीचा पहिला इंग्रजी युक्लिड १५७० मध्ये लंडनला जॉन डेने छापला. जॉन डी याची लांबलचक प्रस्तावना त्यालाच जोडलेली आहे. बिलिंग्झली व्यापारी, पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला. त्याला ग्रीक येत होते की लॅटिनवरूनच त्याने काम भागवले, यावर एकोणिसाव्या शतकात वाद होता. जॉर्ज ब्रूस हॉलस्टेड या अमेरिकन गणितज्ञाने १८७९ मध्ये तो पुष्कळसा मिटवला. प्रिन्स्टनच्या ग्रंथालयात त्याला बिलिंग्झलीच्या मालकीची प्रत मिळाली. तिच्यात १५३३ साली बाझेलला निघालेली पहिली ग्रीक आवृत्ती लॅटिन पाठासोबत एकाच बांधणीत होती आणि बिलिंग्झलीने ग्रीकशी ताडून केलेल्या टिपा तिच्यावर होत्या. या एका प्रतीऐवजी त्याच आवृत्तीची दुसरी, अधिक स्वच्छ, अधिक देखणी प्रत तिथे असती तर काहीच कळले नसते. बाजार कोऱ्या समासाला किंमत देतो. अभ्यासाला लिहिलेला समास हवा असतो. ज्या शीर्षकपृष्ठावर बिलिंग्झलीचे काम छापले आहे तिथेच युक्लिडला ‘मेगाराचा’ म्हटले आहे, म्हणजे प्लेटोच्या काळातल्या त्याच नावाच्या तत्त्वज्ञाशी त्याची गल्लत केली आहे. तार्तालियाही तेच म्हणतो. १५७२ मध्ये कोमांदिनोने आपल्या लॅटिन आवृत्तीत हा घोळ स्पष्ट केला. त्यामुळे शीर्षकपृष्ठावर मेगारा दिसला की त्या प्रतीचे बौद्धिक वय सांगता येते.

आता संगणकाचा प्रश्न. राटडोल्ट, बिलिंग्झली यांची पाने आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात, आणि ही निखळ आनंदाची गोष्ट आहे. सांगली-सोलापूरच्या विद्यार्थ्याला जे कधी स्वप्नातही दिसले नसते ते आज फोनवर दिसते. मजकूर वाचण्यासाठी कागदी प्रतीचा आग्रह धरणे मला चुकीचे वाटते. तरी बिलिंग्झलीच्या अकराव्या भागात घन आकृत्या समजाव्यात म्हणून कागदाच्या घड्या चिकटवल्या आहेत. त्या उभ्या केल्या की प्रतल वर येते, रेषा त्याला कुठे छेदते ते बोटाने तपासता येते. पडद्यावर त्या सपाट पडून राहतात, आणि पुष्कळ प्रतींतून त्या गळूनही गेल्या आहेत. अशा एखाद्या प्रतीचे छायाचित्रण झाले आणि तेच सर्वत्र फिरले, तर ते पुस्तक असेच होते अशी समजूत रूढ होते. ऑलिव्हर बर्नच्या १८४७ च्या आवृत्तीचेही तसेच आहे. लंडनच्या विल्यम पिकरिंगने काढलेल्या या पुस्तकात अक्षरांऐवजी लाल, पिवळा, निळा आणि काळा या रंगांनी सिद्धता चालते. प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा दाबाखाली जाणार आणि रेघ रेघेला भिडली पाहिजे, हे कसब प्रतीप्रतीत कमीजास्त उतरलेले असते. एक छायाचित्र एका प्रतीचे असते. आवृत्ती म्हणजे सगळ्या प्रती. जाता जाता सांगायला हवे की दिसायला इतक्या आधुनिक अशा या पुस्तकात समांतर विधान बारावे तत्त्व म्हणूनच आले आहे. रंग नवा, पाठ सिम्सनच्या कुळातला.

महाराष्ट्राचा या कथेशी खरा धागा जुळतो तो मुंबईत. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्कृतात ‘रेखागणित’ रचले. हा ग्रंथ १९०१ आणि १९०२ साली ‘बॉम्बे संस्कृत सीरिज’मध्ये दोन खंडांत छापला गेला. हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनी हाती घेतलेले हे काम त्यांच्या निधनानंतर कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी पूर्ण केले. आरंभीच्या श्लोकांत जगन्नाथ सांगतात की हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला दिले, परंपरेने पृथ्वीवर आले, लुप्त झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले. युक्लिडचे नाव तिथे नाही. मग हा युक्लिड कुठून आला? भागांची संख्या पाहा: पंधरा, म्हणजे अरबी परंपरेप्रमाणे जोडलेले दोन भाग धरून. आकृत्यांची अक्षरे पाहा: अ, ब, ज, द, ह. संस्कृत वर्णमालेत हा क्रम कुठेच नाही. तो अरबीचा अबजद क्रम आहे, आणि अरबीत तो ग्रीकच्या आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टाला समांतर चालतो. जगन्नाथांपुढे नसीरुद्दीन तूसी याने १२४८ मध्ये सिद्ध केलेली अरबी मांडणी होती, हे अभ्यासकांनी संहिता ताडून दाखवले आहे. पण आकृतीवरची पाच अक्षरे पाहिली तरी वाट कळते. मराठी शाळेतला ‘अबक’ त्रिकोण मात्र जगन्नाथांकडून आला नाही. तिसरे अक्षर ज नसून क आहे, कारण तो इंग्रजी पुस्तकातल्या रोमन अक्षरांवरून बेतलेला. सवाई जयसिंहाच्या दरबारातून आलेली भूमिती आणि इंग्रजी शाळेतून आलेली भूमिती आपल्याकडे एकमेकींना न भेटताच शेजारून गेल्या. ‘रेखागणिता’चा मुंबईचा खंड आणि एखादा जुना शालेय युक्लिड एकाच फळीवर ठेवल्यावर हे डोळ्यांनी दिसते.

शेवटचा आक्षेप पैशाचा. राटडोल्ट किंवा बिलिंग्झली विकत घेणे श्रीमंतांचे काम आहे आणि खाजगी कपाटात बंद झालेल्या पुस्तकाचा समाजाला उपयोग काय, असे विचारले जाते. खाजगी संग्रह नेहमी बंदच राहतो असे नाही. मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आयुष्यभर गणिताची जुनी पुस्तके जमवत, त्यांत टिपा लिहीत. १८७१ मध्ये त्यांच्या निधनानंतर लॉर्ड ओव्हरस्टोन यांनी तो संग्रह विकत घेऊन लंडन विद्यापीठाला दिला आणि तो आजही अभ्यासकांना खुला आहे. पण मुख्य उत्तर वेगळे. संग्रहाची कसोटी फरक ही धरली, तर दामाचा प्रश्न बराच मागे पडतो. चार्ल्स टॉमस-स्टॅनफर्ड यांनी १९२६ मध्ये १६०० सालापर्यंतच्या आवृत्त्यांची सूची केली, त्यामुळे आरंभीच्या आवृत्त्या नीट नोंदलेल्या आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत जपलेल्याही आहेत. हाल झाले आहेत ते एकोणिसाव्या शतकातल्या शालेय पुस्तकांचे: सिम्सनच्या स्वस्त प्रती, १७९५ नंतरचा प्लेफेअर, १८६२ पासून पुन्हा पुन्हा निघालेला आणि सिम्सनवरच आधारलेला टॉडहंटर, आणि १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेली मराठी गणिताची पुस्तके. लाखो मुलांनी भूमिती शिकली ती यांतूनच, आणि हीच पुस्तके रद्दीत गेली, कारण ती पाठ्यपुस्तके होती, फाटलेली होती, त्यांच्यावर मुलांनी लिहिलेले होते.

महाराष्ट्रातल्या जुन्या नगरवाचनालयांत, शंभरी उलटलेल्या शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असे युक्लिड आजही असू शकतात, आणि त्यांची ओळख पटवायला ग्रीक किंवा लॅटिन यावे लागत नाही. समांतर विधानाचा क्रमांक, सहाव्या भागाच्या शेवटच्या प्रमेयात वर्तुळपाकळ्या आहेत की नाहीत, आकृतीवरच्या अक्षरांचा क्रम, आकृती समासात की मजकुरात, आणि पानांवर कोणी काय लिहिले आहे, एवढे एका वहीत टिपून ठेवले तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होते. अशा पुस्तकांची पुन्हा बांधणी करताना कडा सरळ दिसाव्यात म्हणून बाइंडर त्या कापतो, आणि विद्यार्थ्याने समासात केलेली सिद्धता, मास्तरांनी सुचवलेली दुसरी रीत, मालकाचे नाव आणि साल यांतले अर्धे त्या कापात जाते. तेव्हा बांधणीला देण्याआधी कडा कापायच्या नाहीत, हे स्पष्ट लिहून द्यावे.